स्ट्रक्चरमधले आकडे का सरकतात? अलाइनमेंटचा बिघाड शोधायचा कसा

सी भाषेत काम करणाऱ्या ज्युनियर मंडळींकडून एक तक्रार दर दोन-तीन महिन्यांनी माझ्याकडे येते. कधी ती "साइझऑफ चुकीचा आकडा देतोय" अशी असते (साइझऑफ म्हणजे एखादी गोष्ट मेमरीत किती बाइट घेते ते सांगणारा), कधी "फाईल चांगली आहे, पण वाचली की कचरा येतो" अशी. कधी "कालपर्यंत चालणारा बोर्ड आज हार्डफॉल्टला जातोय, आणि मी तर फक्त एक व्हेरिएबल वाढवलं" अशीही असते (हार्डफॉल्ट म्हणजे चूक सापडल्यावर प्रोसेसरने काम थांबवणं). मूळ तिन्हींचं एकच आहे. कोणता डेटा मेमरीत कुठे बसणार हे कंपायलर ठरवतो, आणि तो ते कशावरून ठरवतो याचा आपण मनानेच अंदाज बांधलेला असतो. दरवेळी तेच समजावण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

लक्षण: फाईल वाचली, पण आकडे भलतेच

हे सगळ्यात जास्त दिसणारं रूप, म्हणून इथे जरा थांबू या. बीएमपी चित्राची फाईल घ्या. तिच्या सुरुवातीचं हेडर १४ बाइटचं असतं: २ बाइटची खूण ('बी' आणि 'एम' ही अक्षरं), ४ बाइटमध्ये फाईलचा आकार, मग २-२ बाइटच्या दोन राखीव जागा, आणि शेवटी ४ बाइटमध्ये चित्राचा मजकूर (म्हणजे पिक्सेल) फाईलच्या कितव्या बाइटपासून सुरू होतो तो आकडा. बेरीज केली तर २, ४, २, २, ४ म्हणजे बरोबर १४.

आता याच क्रमाने सीमध्ये स्ट्रक्चर (अनेक फील्ड एकत्र बांधणारा प्रकार) लिहिलं आणि साइझऑफ छापला की १६ येतात. एफरीडने (फाईलमधले बाइट मेमरीत वाचणारं फंक्शन) फाईल थेट त्या स्ट्रक्चरमध्ये ओतली की पुढचा घोटाळा सुरू होतो. ६४० बाय ४८० चं, २४ बिटचं चित्र असेल तर फाईलचा आकार ९,२१,६५४ बाइट असतो. स्क्रीनवर मात्र आकार दिसतो १४. मजकुराची सुरुवात ५४ व्या बाइटपासून असायला हवी, तिथे येतात २६,२१,४४०. आणि तो ५४ कुठे गेला म्हणून शोधलं, तर तो दुसऱ्या राखीव जागेत सापडतो, जिथे शून्य असायला हवं होतं.

हे आकडे घाईने "कचरा" म्हणून फेकून देऊ नका. बिघाडाचा सगळा पत्ता त्यांच्यातच असतो. ९,२१,६५४ ला ६५,५३६ ने भागा, पूर्ण भाग १४ येतो. म्हणजे आकाराच्या चार बाइटपैकी वरचे दोनच आपण वाचले, खालचे दोन हुकले. २६,२१,४४० ला ६५,५३६ ने भागलं तर नेमके ४० येतात, आणि ४० हा तर पुढच्या हेडरचा पहिला आकडा! तेही दोन बाइट पुढून वाचल्यासारखं. सगळं काही दोन बाइटने सरकलंय, आणि सरकायला सुरुवात 'बीएम' या खुणेनंतर लगेच झालीय. पुढचं ४० बाइटचं हेडर वाचायला जाल तर तेही १६ व्या बाइटपासून सुरू होईल, आणि चित्राची रुंदी ६४० ऐवजी ३,१४,५७,२८० दिसेल. एवढ्या रुंदीला मॅलॉक (मेमरी मागायचं फंक्शन) नकार देतो, प्रोग्रॅम तिथे पडतो, आणि माणूस दिवसभर मॅलॉकमध्ये चूक शोधत बसतो. चूक तिथे नसतेच.

म्हणून माझा पहिला नियम असा: आकडे ६५,५३६ च्या किंवा २५६ च्या पटीत दिसायला लागले, किंवा एका फील्डची किंमत शेजारच्या फील्डमध्ये सापडली, तर आधी पॅडिंगवर, म्हणजे कंपायलरने मधे घातलेल्या रिकाम्या बाइटवर, संशय घ्या.

कंपायलर ते दोन बाइट घालतो कशासाठी

प्रोसेसर मेमरी एकेक बाइट सुटा उचलत नाही. कपाटाला खण असतात तसे मेमरीला चार-चार, आठ-आठ बाइटचे खण असतात आणि एका फेरीत एक खण उचलला जातो. चार बाइटचा इंट एका खणात पूर्ण मावला तर एका फेरीत काम होतं. तो अर्धा या खणात आणि अर्धा पुढच्यात पडला तर दोन फेऱ्या मारून तुकडे जोडावे लागतात. काही प्रोसेसर हे जोडकाम गुपचूप करतात, काही सरळ नकार देतात. म्हणून प्रत्येक प्रकाराला एक अट लावलेली असते: याचा पत्ता अमुक संख्येने भाग जाणारा असला पाहिजे. या संख्येला अलाइनमेंट म्हणतात. कॅरला (सीचा एक बाइटचा 'char' हा प्रकार) एक, शॉर्टला दोन, इंटला चार, ६४ बिटच्या लिनक्सवर पॉइंटर आणि डबल यांना आठ.

स्ट्रक्चरसाठी कंपायलर तीनच गोष्टी करतो. पहिली, मेंबर (म्हणजे फील्ड) ज्या क्रमाने लिहिलेत त्याच क्रमाने ठेवतो. सीच्या स्टँडर्डने त्याला क्रम बदलायची परवानगीच दिलेली नाही. (रस्टमध्ये मात्र कंपायलरला ती मुभा आहे, म्हणून तिथे सीशी जुळवायचं असेल तर तसं मुद्दाम लिहून सांगावं लागतं.) दुसरी, प्रत्येक मेंबरआधी त्याच्या अलाइनमेंटला भाग जाईपर्यंत रिकामे बाइट टाकतो. तिसरी, सगळ्यात मोठ्या मेंबरची अलाइनमेंट हीच पूर्ण स्ट्रक्चरची अलाइनमेंट धरतो आणि एकूण आकार तिच्या पटीत येईपर्यंत शेवटीही रिकामे बाइट जोडतो. हे शेवटचं पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्याचं कारण साधं आहे: स्ट्रक्चरचा ॲरे केला तर पहिला घटक संपतो तिथूनच दुसरा सुरू होणार, आणि त्या दुसऱ्यातला इंटसुद्धा चारच्या पटीतच बसला पाहिजे.

कागदावर करून बघा. कॅर, इंट, कॅर असा क्रम घ्या. पहिला कॅर ० वर, मग तीन रिकामे, इंट ४ वर, दुसरा कॅर ८ वर, मग परत तीन रिकामे. एकूण १२. तेच तीन मेंबर इंट, कॅर, कॅर असे लावले तर इंट ० वर, दोन कॅर ४ आणि ५ वर, शेवटी दोन रिकामे, एकूण ८. मजकूर तोच, तरी चार बाइट वाचले. एक लाख नोंदींचा ॲरे असेल तर हा फरक चार लाख बाइटचा होतो.

बीएमपीचा हिशोब आता आपोआप सुटतो. खूण ० वर, २ बाइट. पुढचा मेंबर चार बाइटचा, त्याला २ हा पत्ता चालत नाही, म्हणून तो ४ वर. सरकण्याचं कारण एवढंच. गंमत म्हणजे याच बीएमपीमध्ये चित्राची प्रत्येक ओळ मात्र चारच्या पटीत भरून लिहायची असते; फक्त हेडर तेवढं दाटीवाटीने लिहिलेलं आहे. विंडोजच्या स्वतःच्या हेडर फाईलमध्ये हे स्ट्रक्चर दोन बाइटच्या पॅकिंगमध्ये (अलाइनमेंट दोनपेक्षा जास्त धरू नको असा कंपायलरला आदेश) गुंडाळलेलं आहे, म्हणून तिथे साइझऑफ १४ येतो. ज्यांनी फक्त स्ट्रक्चर कॉपी करून आपल्या फाईलमध्ये आणलं आणि भोवतीचं पॅकिंग मागे सोडलं, त्यांना १६ दिसतात.

"माझ्या मशीनवर बरोबर येतं"

चार, आठ हे आकडे कंपायलर स्वतःच्या मर्जीने ठरवत नाही. ज्या प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिमसाठी कोड बनतोय, त्या जोडीचा एक लेखी करार असतो, त्याला एबीआय म्हणतात. जीसीसी या कंपायलरने बनवलेली लायब्ररी क्लँग या दुसऱ्या कंपायलरने बनवलेल्या प्रोग्रॅमला जोडता येते ती या कराराच्या जोरावर. दोघांनीही एकच तक्ता पाळलेला असतो.

पण करार जागोजागी वेगळा आहे. इंट आणि त्यानंतर डबल असं स्ट्रक्चर घ्या. ६४ बिटच्या लिनक्सवर १६ बाइट. ३२ बिटच्या इंटेल लिनक्सवर १२, कारण तिथल्या करारात स्ट्रक्चरमधल्या डबलला चारचीच अलाइनमेंट पुरते. ३२ बिटच्याच विंडोजवर पुन्हा १६. ३२ बिटच्या आर्मवर आजच्या एबीआयप्रमाणे डबलला आठ लागतात, म्हणजे तिथेही १६. लाँगचं दुखणं निराळं: ६४ बिटच्या लिनक्सवर तो आठ बाइटचा, ६४ बिटच्या विंडोजवर चारचा. इथे तर अलाइनमेंटच्या आधी आकारच बदलतो. बिटफील्डबद्दल (मेंबरला मोजकेच बिट द्यायची सोय) मी एवढंच सांगेन की दोन मशीनमध्ये जाणाऱ्या डेटात ती वापरूच नका. कोणता बिट कुठे बसेल हे स्टँडर्डने कंपायलरवर सोडलेलं आहे.

तेव्हा पीसीवर बनवलेली कॉन्फिगची फाईल बोर्डवर चुकीची वाचली जात असेल, तर दोन्हीकडे साइझऑफ आणि प्रत्येक मेंबरचा ऑफसेटऑफ (तो स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासून कितव्या बाइटवर आहे तो आकडा) छापून समोरासमोर ठेवा. ऑफसेटऑफ सीमध्ये कायमचाच आहे, त्यासाठी फक्त 'एसटीडीडेफ' हेडर जोडावं लागतं. डीबग माहितीसह बनवलेली फाईल असेल तर 'पाहोल' नावाचं टूल प्रत्येक स्ट्रक्चरमधली भोकं आकारासकट दाखवतं. जीसीसी आणि क्लँगचा 'डब्ल्यू-पॅडेड' हा इशारा चालू केला तर कंपाइल करतानाच कळतं. मात्र तो पूर्ण प्रोजेक्टवर चालू केलात तर इशाऱ्यांचा पूर येईल; संशयित फाईलपुरताच लावा.

पॅक केलं की सुटलं, असं नाही

बहुतेक जण इथवर आले की स्ट्रक्चरला 'पॅक्ड' लावतात, म्हणजे मधे रिकामे बाइट घालू नको असं कंपायलरला सांगतात. साइझऑफ १४ येतो, फाईल बरोबर वाचली जाते, तिकीट बंद होतं. मला याच टप्प्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण यानंतरचा बिघाड शोधायला जास्त अवघड असतो.

पॅक्ड स्ट्रक्चरचा मेंबर थेट नावाने वाचलात तर कंपायलरला माहीत असतं की हा आडव्यातिडव्या पत्त्यावर आहे. तो त्याप्रमाणे सावध कोड काढतो, गरज पडली तर एकेक बाइट उचलून. पण त्याच मेंबरचा पत्ता साध्या इंट पॉइंटरमध्ये ठेवून दुसऱ्या फंक्शनला दिलात, की ती माहिती तिथेच गळून पडते. समोरच्या फंक्शनच्या दृष्टीने तो इंटचा पॉइंटर आहे, म्हणजे चारच्या पटीतच असणार, आणि तो बिनधास्त कोड काढतो. जीसीसी ९ पासून आणि क्लँगमध्ये त्याआधीपासून पॅक्ड मेंबरचा पत्ता घेतल्यावर इशारा मिळतो. तो इशारा बंद करून पुढे गेलेला कोड मी पाहिलेला आहे. कृपा करून तसं करू नका.

"पण इंटेलवर तर काही होत नाही" हे उत्तर हमखास येतं. साध्या वाचनाला होत नाही हे खरं. पण ऑप्टिमायझेशन वाढवलं की कंपायलर लूपचे व्हेक्टर बनवतो (एकाच वेळी अनेक घटक हाताळणारा कोड), आणि इंटेलच्या एसएसई या व्हेक्टर इन्स्ट्रक्शनच्या संचात एकदम १६ बाइट उचलणारी अशी इन्स्ट्रक्शन आहे जिला १६ च्या पटीतलाच पत्ता लागतो. तुम्ही दिलेला इंट पॉइंटर चारच्या पटीत असणारच असं धरून कंपायलर आधी काही घटक सुटे हाताळतो आणि १६ च्या हद्दीवर पोचलो असं मानून ती इन्स्ट्रक्शन वापरतो. मुळात पत्ता चारच्या पटीत नसेल तर तो त्या हद्दीवर कधीच पोचत नाही, आणि सेगमेंटेशन फॉल्ट येतो. डीबग बिल्ड चालतो, रिलीज बिल्ड पडतो. कंपायलर त्याच्या जागी बरोबर असतो: चुकीच्या अलाइनमेंटचा पॉइंटर तयार करणं हेच स्टँडर्डप्रमाणे अनडिफाइन्ड बिहेवियर आहे. क्लँग आणि जीसीसीचा सॅनिटायझर (प्रोग्रॅम चालताना चुका पकडणारी सोय) अलाइनमेंटसाठी चालू केलात तर तो नेमकी ओळ दाखवून देतो.

पॅकिंगचा आणखी एक उपद्रव. 'प्रॅग्मा पॅक पुश, १' लिहिलं आणि खाली 'पॉप' लिहायचं राहिलं. त्या हेडरनंतर जोडलेल्या प्रत्येक हेडरमधलं प्रत्येक स्ट्रक्चर आता पॅक होतं. एका फाईलमध्ये हेडरचा क्रम असा, दुसरीत तसा, त्यामुळे एकच स्ट्रक्चर एकीकडे २४ बाइटचं आणि दुसरीकडे १९. लिंकरला यातलं काही कळत नाही. फंक्शन बोलावण्याआधी किंमत बरोबर, आत शिरल्याबरोबर चुकीची, असं डीबगरमध्ये दिसलं की मी आधी हेच तपासतो. दोन्ही फाईलमध्ये साइझऑफ छापला की पाच मिनिटांत निकाल लागतो. क्लँग न मिटलेल्या पॅकबद्दल स्वतःहून सांगतो, म्हणून एरवी जीसीसी वापरणाऱ्यांनीही अधूनमधून क्लँगने बिल्ड करून बघावा.

एक व्हेरिएबल वाढवलं आणि बोर्ड बसला

हे आमच्याच एका कामात घडलं. कॉर्टेक्स-एम० (आर्मचा छोटा प्रोसेसर) वर मॉडबस आरटीयूचं (सीरियल तारेवरून उपकरणांशी बोलायची पद्धत) उत्तर वाचायचं होतं. पोर्टच्या स्ट्रक्चरमध्ये पहिला मेंबर चार बाइटचा टाइमआउट, मग एक बाइटची स्थिती, मग ६४ बाइटचा बफर. म्हणजे बफर ५ वर. मॉडबसच्या उत्तरात आधी पत्ता, फंक्शन कोड आणि बाइटची संख्या असे तीन बाइट असतात, रीडिंग त्यानंतर. पाच आणि तीन आठ. रीडिंग योगायोगाने चारच्या पटीत येत होतं, आणि कोणीतरी तिथे बफरचा पत्ता सरळ ३२ बिटच्या पॉइंटरमध्ये कास्ट करून (प्रकार जबरदस्तीने बदलून) वाचलं होतं. महिनोन् महिने चाललं.

मग रीट्राय मोजायला स्थितीच्या शेजारी एक बाइटचं व्हेरिएबल आलं. बफर ६ वर गेला, रीडिंग ९ वर. कॉर्टेक्स-एम० ला असा पत्ता अजिबात चालत नाही, तो थेट हार्डफॉल्टला जातो. ज्याने रीट्राय लिहिला त्याच्यावर सगळे नाराज, त्याने आपला कोड चार वेळा वाचला, आणि त्याच्या कोडमध्ये खरंच काही चूक नव्हती.

असं झालं की स्टॅकवर प्रोसेसरने ठेवलेले आठ शब्द काढा. त्यातला सातवा म्हणजे फॉल्टच्या वेळचा प्रोग्रॅम काउंटर. त्या पत्त्यावर 'एलडीआर' (मेमरीतून शब्द उचलणारी इन्स्ट्रक्शन) सापडली, तर ती ज्या रजिस्टरमधला पत्ता वापरतेय त्याचा सोळाच्या पद्धतीतला शेवटचा अंक बघा. ऑफसेट असेल तर तो मिळवून. ०, ४, ८ किंवा सी सोडून दुसरं काही असेल तर तुमचा गुन्हेगार सापडला. एम३ आणि एम४ वर साधी 'एलडीआर' तिरक्या पत्त्यावरही चालते, पण दोन शब्द एकदम उचलणारी 'एलडीआरडी', अनेक उचलणारी 'एलडीएम' आणि एम४ वरची फ्लोट उचलणारी 'व्हीएलडीआर' चालत नाहीत. तिथे फॉल्टचं कारण नोंदवणाऱ्या सीएफएसआर रजिस्टरचा २४ वा बिट लागलेला दिसेल. तो बिट खास याच चुकीसाठी आहे. एम३-एम४ वर चाचणी करतानाच साध्या वाचनालाही फॉल्ट द्यायला लावणारा बिट सीसीआर रजिस्टरमध्ये आहे. तो टेस्ट बिल्डमध्ये चालू ठेवावा असं माझं आग्रहाचं मत आहे.

बफरवर अलाइनमेंट लादून हा प्रश्न सुटत नाही. बफर चारच्या पटीत ठेवलात तर रीडिंग तीनच्या जागी, म्हणजे पुन्हा तिरकंच. कास्ट काढून टाकणं हाच उपाय. आम्ही चार बाइट एकेक करून उचलले, २४, १६, ८ आणि ० ने डावीकडे सरकवून जोडले. मॉडबस रजिस्टरमधला वरचा बाइट आधी पाठवतो आणि आर्म उलट वाचतो, तोही प्रश्न त्याच चार ओळींत मिटला. बाइटचा क्रम आपल्या प्रोसेसरसारखाच असेल तेव्हा मेमसीपीवाय (बाइट जसेच्या तसे कॉपी करणारं फंक्शन) वापरा. "फंक्शन कॉलचा वेळ जाईल" ही भीती नको: आकार कंपाइल करतानाच ठाऊक असला आणि ऑप्टिमायझेशन चालू असलं, की इंटेलवर चार बाइटच्या मेमसीपीवायची एक साधी लोड इन्स्ट्रक्शन होते.

नेटवर्कवाल्यांना हे जुनं आहे. इथरनेटचं हेडर १४ बाइटचं, त्यामुळे त्यामागचं आयपी हेडर चारच्या पटीत येत नाही. लिनक्स कर्नलमध्ये त्यासाठी पॅकेटच्या आधी मुद्दाम दोन बाइट मोकळे सोडायची सोय आहे.

दोन स्ट्रक्चर सारखी, तरी मेमसीएमपी वेगळी म्हणते

हे लवकर संपणारं आहे. रिकाम्या बाइटमध्ये काय असेल याची कोणी हमी दिलेली नाही. सगळे मेंबर सारखे असूनही मेमसीएमपी (बाइटशी बाइट ताडून बघणारं फंक्शन) फरक दाखवते, किंवा त्याच डेटाचा सीआरसी (चूक ओळखायचा आकडा) दरवेळी वेगळा येतो. आधी मेमसेटने शून्य भरलं तर बऱ्याचदा काम भागतं, पण नंतर मेंबरमध्ये किंमत लिहिताना पॅडिंग पुन्हा बदललं तरी स्टँडर्डला ते मान्य आहे. मेंबर एकेक करून तुलना करा, आणि सीआरसी पाठवण्यासाठी जुळवलेल्या बाइटवर काढा, स्ट्रक्चरवर नाही.

ज्या स्ट्रक्चरचा आकार बदलून चालणारच नाही, त्याच्या खाली सी११ चा स्टॅटिक असर्ट (कंपाइल करतानाच तपासली जाणारी अट) लिहून ठेवा: साइझऑफ अमुक, या मेंबरचा ऑफसेट अमुक. आमच्या मॉडबसच्या कोडात आता वाचन बाइटनेच होतं, पण ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी डेटा टिकवणाऱ्या मेमरीत) जाणाऱ्या कॅलिब्रेशनच्या स्ट्रक्चरखाली असे पाच असर्ट आहेत. मागच्या महिन्यात एकाने मधेच फील्ड घातलं आणि बिल्ड तिथेच थांबला.

एवढं करूनही अडलात तर विचारताना तीन गोष्टी सोबत द्या: कोणता प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिम, कोणता कंपायलर कोणत्या पर्यायांसह, आणि साइझऑफ व प्रत्येक मेंबरचा ऑफसेटऑफ. स्क्रीनवर आलेले चुकीचे आकडेही जसेच्या तसे लिहा, गोल करून नाही.